नव्या गाडीत धुराचा वास पुन्हा पुन्हा येतोय? सायलेन्सरच्या आधी डिकी तपासा

गाडी नवी, अजून सीटचं प्लास्टिकही निघालेलं नाही, आणि घाट चढताना आत धुराचा वास येतो. वर्कशॉपला नेली की लिफ्टवर चढवतात, इंजिन चालू ठेवून सायलेन्सरचे सगळे जॉइंट बघतात आणि सांगतात, "सर, लीकेज कुठंच नाही. नवी गाडी आहे, थोडे दिवस वास येणारच." पुढचा आठवडा गावातल्या गावात बरा जातो. मग यवतेश्वरच्या चढाला पुन्हा तोच वास आणि मागच्या सीटवरच्यांचं पुन्हा डोकं जड. साताऱ्यात माझ्या गॅरेजवर अशा गाड्या येतात आणि जवळजवळ प्रत्येकाची फाईल सारखीच असते: तक्रार, तपासणी, "ओके", परत तक्रार.

वर्कशॉपवाले खोटं बोलत नसतात. नव्या गाडीत सायलेन्सर बहुतेक वेळा खरंच चांगला असतो. धूर मागच्या नळीतून, जिथून पडायला हवा तिथूनच पडतो. चूक असते ती त्या धुराला आत यायला मिळालेल्या वाटेत, आणि ती वाट लिफ्टखाली उभं राहून दिसत नाही. ती बघायला डिकी रिकामी करावी लागते, कार्पेट उचलावं लागतं, कधी कधी मागचा बंपर उतरवावा लागतो. तेवढा वेळ कोणी काढत नाही, म्हणून तक्रार मिटत नाही.

आधी जिवाचं

धुरातला जो भाग माणूस मारतो, त्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि रंगही नसतो. आपल्याला येतो तो सोबतच्या बाकीच्या वायूंचा वास. त्यामुळे वास कमी झाला म्हणजे धोका कमी झाला असं धरू नका. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं, विनाकारण झोप येणं ही त्याची लक्षणं, आणि घाटात नेमकी हीच लक्षणं आपण "गाडी लागली" म्हणून सोडून देतो. एक खूण लक्षात ठेवा. गाडी लागते ती एखाद-दुसऱ्यालाच. एकाच वेळी दोघातिघांचं डोकं दुखायला लागलं आणि खाली उतरून मोकळ्या हवेत गेल्यावर बरं वाटलं, तर हवेवर संशय घ्या.

तसं झालं तर एसीच्या नादाला लागू नका. पुढच्या काचा पूर्ण खाली घ्या, ब्लोअर मोठा करून बाहेरच्या हवेवर ठेवा, गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा आणि सगळ्यांना खाली उतरवा. फक्त मागच्या काचा उघडू नका, त्याने कधी कधी मागचा धूर उलट आत ओढला जातो. कोणी गुंगीत असेल, उलटी करत असेल तर थेट दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा की गाडीतल्या धुराचा संशय आहे. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर इथे फसवतो. हिमोग्लोबिनला कार्बन मोनॉक्साइड चिकटलेला असला तरी तो आकडा चांगला दाखवतो. नुसत्या हवेवर रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तेच काम तास-दीड तासात होतं. म्हणून घरी जाऊन झोपवणं हा उपाय नाही.

आणि यात्रेला गेल्यावर, हॉटेलच्या आवारात किंवा पावसात अडकल्यावर इंजिन आणि एसी चालू ठेवून गाडीत झोपू नका. गाडी निर्दोष असली तरीही नको. उभ्या गाडीखाली धूर साचतो, मागे भिंत किंवा बांध असेल तर तो परत गाडीकडेच येतो.

वास कसला आहे ते आधी ठरवा

सगळेच वास धुराचे नसतात. नव्या गाडीच्या सायलेन्सरवर, हीट शील्डवर कारखान्यातलं तेल आणि संरक्षक लेप असतो. पहिल्या काही शे किलोमीटरांत तो जळतो आणि निघून जातो. आपल्याकडे त्यात भर पडते अंडरबॉडी कोटिंगची. डिलिव्हरीच्या घाईत मारलेलं ते काळं कोटिंग सायलेन्सरच्या नळीवरही उडतं आणि मग प्रत्येक लांबच्या फेरीला जळक्या डांबरासारखा वास येत राहतो. हे लिफ्टवर लगेच दिसतं. नळीवरचं कोटिंग खरवडून काढलं की विषय संपला.

अर्ध्या क्लचवर घाट चढवला तर क्लच जळाल्याचा वास येतो, तो कडवट, जळक्या कागदासारखा असतो. सडक्या अंड्याचा वास आला तर तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधून, म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या भागातून येतो. इंजिनला पेट्रोल जास्त जात असलं की तिथे गंधकाचा वायू तयार होतो. बीएस-६ डिझेल गाडीत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, स्वतःला साफ करतो तेव्हा आतलं तापमान ६०० अंशांच्या घरात जातं, गाडी थांबवल्यावरही पंखा जोरात फिरत राहतो आणि गरम लोखंडासारखा वास येतो. तो अधूनमधून येणारच. सीएनजी गाडीत गॅसचा वास आला तर मात्र ही संपूर्ण पोस्ट बाजूला ठेवा. तो न जळलेला गॅस आहे. सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, गाडी चालू करू नका, सीएनजीवाल्याला बोलवा.

हे सगळं वगळून जो उरतो, डोळे चुरचुरवणारा, रिक्षाच्या मागे उभं राहिल्यासारखा, तो धूर.

एका बटणाची परीक्षा

वर्कशॉपला जाण्याआधी ही परीक्षा स्वतः करा, यानेच निम्मं निदान होतं. एसीच्या पॅनेलवर गाडीच्या चित्रात वळलेला बाण असलेलं बटण असतं. ते दाबलं की आतलीच हवा फिरते, सोडलं की बाहेरची हवा आत येते. बाहेरची हवा घेण्याचं तोंड पुढच्या काचेच्या खाली, वायपरजवळच्या जाळीत असतं.

मोकळा चढाचा रस्ता निवडा, पुढे ट्रक किंवा उसाचा ट्रॅक्टर नको. आधी काचा उघडून आतली हवा पूर्ण बदलून घ्या, नाहीतर जुनाच वास घुटमळतो आणि निष्कर्ष चुकतो. मग काचा बंद करून एकदा बाहेरच्या हवेवर चढ चढा, खाली या, पुन्हा हवा बदला, आणि आतल्या हवेवर तोच चढ चढा. मागच्या सीटवर कोणीतरी बसलेलं हवं. ड्रायव्हरला वास सगळ्यात शेवटी येतो.

बाहेरच्या हवेवर वास आला आणि आतल्या हवेवर थांबला, तर धूर पुढून येतोय. रस्ता खरंच मोकळा असेल तर तो तुमच्याच बोनेटखालचा आहे. मॅनिफोल्डचं (इंजिनमधला धूर गोळा करणाऱ्या नळ्यांचं) गॅस्केट, टर्बोचा जॉइंट, किंवा गरम नळीवर ठिबकणारं ऑइल बघायला सांगा. उलट, आतल्या हवेवर वास आला आणि बाहेरच्या हवेवर नाही, तर धूर मागून किंवा खालून येतोय. नव्या गाड्यांत मला बहुधा हेच सापडतं.

कारण साधं आहे. बाहेरच्या हवेवर ब्लोअर सतत हवा आत ढकलतो, आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त राहतो आणि कुठे फट असली तरी तिथून हवा बाहेरच जाते. आतल्या हवेवर हा आधार जातो. त्यात चालत्या गाडीच्या पाठीमागे कमी दाबाचा पट्टा तयार होतो आणि धूर तिथे घोटाळत राहतो. धुळीच्या रस्त्याला हॅचबॅकची किंवा एसयूव्हीची मागची काच सगळ्यात आधी मळते ती याचमुळे. जिथे धूळ ओढली जाते तिथे धूरही ओढला जातो. घाटात भर पडते ती इंजिनची. पेडल पूर्ण दाबलं की धूर जास्त निघतो, आणि पेट्रोल इंजिन त्या वेळी स्वतःला थंड ठेवण्यासाठी मिश्रणात पेट्रोल वाढवतं, त्यामुळे कार्बन मोनॉक्साइडही वाढतो. म्हणूनच साताऱ्यात पोवई नाका ते बसस्थानक वास येत नाही आणि वर्कशॉपच्या आवारात उभ्या गाडीत तर मुळीच येत नाही.

खंबाटकीचा अनुभव यात मिसळू नका. साताऱ्याहून पुण्याला जाताना बोगदा लागतो, तिथे सगळ्या गाड्यांचा धूर कोंडलेला असतो आणि तो कोणत्याही गाडीत येईल. बोगद्यात आतली हवा फिरवणारं बटण दाबणंच बरोबर. पुण्याहून येताना जुन्या रस्त्याने मात्र उघडा घाट चढावा लागतो. तिथे रस्ता मोकळा असताना वास आला तर तो तुमच्या गाडीचा.

वाट कुठे सापडते

कोरेगावकडच्या एका शिक्षकांची गाडी आली होती. लहान एसयूव्ही, पेट्रोल, वॉरंटीतली. त्यांची आई मागे बसायची आणि कासला जाऊन आलं की दिवसभर आडवी व्हायची. वर्कशॉपने सायलेन्सरचं एक गॅस्केट बदलूनही दिलं होतं. डिकी उघडली, दरवाजाच्या कडेची रबरी पट्टी, म्हणजे बीडिंग, बाजूला केलं आणि आतल्या पत्र्यावर बघितलं तर कासच्या तांबड्या मातीची एक बारीक रेघ, वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खाली उतरलेली. बाकी सगळीकडे पत्रा स्वच्छ. रेघ जिथून सुरू होत होती तिथे डिकीच्या दरवाजात जाणाऱ्या वायरींचा ग्रोमेट, म्हणजे छिद्र बंद करणारी रबरी कडी, होता. त्याच्या शेजारून रिव्हर्स कॅमेऱ्याची वायर घुसवली होती, त्यामुळे ग्रोमेटची कड पत्र्यात बसलीच नव्हती. माझ्याकडचा पोरगा म्हणाला, "दादा, इथं तर बोट जातंय."

तेवढ्यावर थांबलो नाही, कारण कॅमेऱ्यासोबत पार्किंग सेन्सरही बसवले होते, म्हणजे बंपर उतरवलेला. बंपरच्या मागे, पत्र्यात, दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या चौकटीत पातळ रबरी झडपा असतात. दरवाजा लावताना आतली हवा तिथून बाहेर जाते आणि झडप लगेच मिटते. उजव्या बाजूच्या चौकटीखाली सेन्सरची वायर अडकून ती तिरकी झाली होती, झडप अर्धी उघडीच. आणि सायलेन्सरची नळी त्याच बाजूला. सर म्हणाले, "म्हणजे नळीचं तोंड आणि हे भोक समोरासमोर?" तसंच होतं. वायर योग्य छिद्रातून काढली, ग्रोमेट नवा बसवला, चौकट दाबून बसवली. सायलेन्सरला हात लावायची गरज पडली नाही.

गाडी नवी आणि वास मागचा असेल तर पहिला प्रश्न हा विचारा: डिलिव्हरीच्या वेळी किंवा नंतर काय काय बसवलं? कॅमेरा, सेन्सर, अ‍ॅम्प्लिफायर, वूफर, टो हुक, मोठा हॉर्न. प्रत्येक वायर कुठून तरी पत्र्यातून आत येते. मागून कोणी ठोकलं आणि बंपरचं डेंटिंग झालं असेल तर झडपा आधी बघा. मग स्टेपनीच्या खड्ड्यातलं रबरी बूच, कार्पेटखालची फ्लोअरची बुचं आणि टेल लॅम्पच्या मागचं गॅस्केट. पावसाळ्यात डिकीत पाणी येत असेल तर ती पाण्याची वाट हीच धुराची वाट समजा. बाहेरून घातलेल्या सीएनजी किटमध्ये पाइपासाठी फ्लोअरला पाडलेली छिद्रं असतात, तीही.

बीडिंग तपासायला दहा रुपयांची नोट पुरते. नोट रबरावर ठेवून डिकी लावा आणि ओढा. सहज सरकली तर तिथे दाब नाही. अशी चारही बाजूंनी फिरवा. बऱ्याचदा दरवाजाचं लॉक किंचित मागेपुढे केलं की बीडिंग न बदलता काम होतं. रात्री अंधारात एकाने डिकीत टॉर्च घेऊन बसावं आणि दुसऱ्याने बाहेरून प्रकाश कुठे झिरपतो ते बघावं. किंवा काचा बंद, ब्लोअर बाहेरच्या हवेवर फुल, आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचं पाणी मारा, फट असेल तिथे फुगे येतात. बंपरमागच्या झडपांतून या वेळी हवा येणारच, तो दोष नाही. ब्लोअर बंद केल्यावर त्या मिटतात की नाही, ते महत्त्वाचं.

हा दोष फक्त आपल्याकडच्या जोडकामातून येतो असंही नाही. अमेरिकेत फोर्ड एक्सप्लोररच्या २०११ ते २०१७ च्या मॉडेलांबद्दल अशाच तक्रारी झाल्या. तिथल्या वाहतूक सुरक्षा संस्थेने २०१६ मध्ये चौकशी सुरू केली, २०१७ मध्ये कंपनीने मोफत दुरुस्ती देऊ केली. त्या दुरुस्तीत काय होतं ते बघा: मागच्या दरवाजाचे ड्रेन व्हॉल्व्ह बदलणं, गाडीच्या मागच्या भागाचं सीलिंग तपासणं आणि एसीचं प्रोग्रॅमिंग बदलणं. २०२३ च्या जानेवारीत सुरक्षेचा दोष आढळला नाही म्हणून ती चौकशी बंद झाली, पण वाट कुठून असते हे त्या यादीवरून कळतं.

डिकी उघडी ठेवून माल नेणं, मग ती गुळाची ढेप असो की शिडी, याबद्दल वेगळं सांगायला नको. वर सांगितलेल्या कमी दाबाच्या पट्ट्यातला धूर सरळ गाडीच्या आत येतो.

सायलेन्सर खरंच गळत असेल तर

सकाळी थंड इंजिनला बोनेटमधून टिक-टिक आवाज येतो आणि गाडी तापली की जातो, तर मॅनिफोल्डचा जॉइंट बघा. धातू तापून फुगला की फट मिटते, म्हणून दुपारी वर्कशॉपला नेलेली गाडी "ओके" निघते. रात्रभर गाडी तिथेच ठेवा आणि सकाळी पहिला स्टार्ट त्यांच्यासमोर मारायला लावा. गळणाऱ्या जॉइंटवर काळी किंवा करड्या रंगाची काजळी उमटते. थंड गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही कामाला लागलेला नसतो, त्याला साधारण ३०० अंशांच्या आसपास तापावं लागतं. तोवरचा धूर सगळ्यात वाईट. त्यामुळे पोर्चमध्ये भिंतीकडे पाठ करून गाडी तापवत ठेवणं बंद करा. गाडी नाक आत करून लावा, मागची बाजू रस्त्याकडे.

कार्बन मोनॉक्साइडचा मीटर घ्यावा का

घ्यावा, पण आकडा दाखवणारा. घरगुती अलार्म साधारण ७० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग) तासाभराहून जास्त राहिल्यावरच वाजेल अशा बेताने केलेले असतात, गाडीसाठी ते उशिराचे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठ तासांसाठी १० मिलिग्रॅम प्रति घनमीटर, म्हणजे सुमारे ९ पीपीएम, आणि पंधरा मिनिटांसाठी १०० मिलिग्रॅम, म्हणजे ९० पीपीएमच्या जवळपास आहे. मीटर मोकळ्या शिवारात शून्यावर आणा, मग मागच्या सीटवर डोक्याच्या उंचीला धरा. बाहेरच्यापेक्षा आतला आकडा सतत जास्त आणि चढावर वाढत जाणारा असेल तर पुरावा तुमच्या हातात आहे. व्हिडिओ काढून ठेवा.

पीयूसी पास आहे म्हणून निश्चिंत राहू नका. पेट्रोल गाडीला आयडलिंगला ०.३ टक्का कार्बन मोनॉक्साइड चालतो, म्हणजे नळीच्या तोंडाशी ३,००० पीपीएम. तो बाहेर जातो म्हणून चालतो. केबिनचा फिल्टर बदलूनही हा वायू अडत नाही. कार्बनवाला फिल्टर वास थोडा कमी करेल, आणि तेच मला नको वाटतं, कारण सावध करणारी एकमेव गोष्ट तेवढीच आहे.

वॉरंटीत भांडायचं कसं

जॉब कार्डवर "वास येतो" एवढंच लिहू देऊ नका. असं लिहायला लावा: "चढावर, आतल्या हवेवर, मागच्या सीटवर धूर येतो. बाहेरच्या हवेवर येत नाही. मागचं सीलिंग, ग्रोमेट, बंपरमागच्या झडपा तपासाव्यात." एवढं नेमकं लिहिलं की अ‍ॅडव्हायझरला नुसतं लिफ्टवर बघून परत देता येत नाही. टेक्निशियनला मागे बसवून यवतेश्वर किंवा सज्जनगडच्या चढाला न्या. अ‍ॅक्सेसरी शोरूमनेच बसवली असेल तर बिलाची प्रत जोडा, मग ते बाहेरच्या कामाकडे बोट दाखवू शकत नाहीत. बाहेर बसवली असेल तर आधी तिथे जाऊन वायर नीट करून घेणं स्वस्त पडतं.

दोन-तीन जॉब कार्डांनंतरही टाळाटाळ झाली तर कंपनीच्या कस्टमर केअरला लेखी कळवा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. सात वर्षांच्या आतल्या गाडीतला सुरक्षेचा दोष सरकारच्या वाहन पोर्टलवरही नोंदवता येतो, ती सोय १ एप्रिल २०२१ पासूनच्या रिकॉलच्या नियमांत आहे. एकाच मॉडेलच्या तक्रारी साठल्या तरच कंपनी हलते, त्यामुळे तुमची दुरुस्ती झाली असली तरी नोंद करा.

तोवर गाडी वापरावीच लागणार असेल तर बाहेरच्या हवेवर, ब्लोअर दोन नंबरच्या वर ठेवून वापरा. लहान मुलं, गरोदर बाई आणि हृदयाचा त्रास असलेली माणसं या गाडीतून घाटात नेऊ नका.

दुरुस्ती झाल्यावर काउंटरवर सही करण्याआधी गाडी त्याच चढाला न्या, आतली हवा फिरवणारं बटण दाबून, मागे माणूस आणि मीटर घेऊन. आकडा बाहेरच्याइतकाच राहिला तरच सही करा. पहिल्या मोठ्या पावसानंतर कार्पेट उचलून ग्रोमेट पुन्हा बघा. नुसतं सिलिकॉन फासून चिकटवलेला ग्रोमेट तोपर्यंत बहुधा सुटलेला असतो.